एमजी, पोर्शे आणि मिस्त्रीची टोपी

एमजी चांगली का पोर्शे चांगली, असं मला अजून लोक विचारतात. गॅरेजात येतात, चहा पितात आणि हळूच विषय काढतात. मी म्हणते, कशासाठी चांगली? पळायला, मिरवायला, का बंद पडल्यावर ढकलायला? तोंडं बघण्यासारखी होतात. मग सांगते, बसा, अजून एक चहा मागवते, पण मधी बोलायचं नाय.

मी संध्या. मोंढा नाक्याच्या आतल्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. बोर्डावर बाबांचं नाव, सांडू मिस्त्री. बाबा देवगाव रंगारीहून सतराव्या वर्षी शहरात आले आणि पुढची चाळीस वर्षं अँबेसेडरखाली झोपून काढली. इंजिनाचा आवाज फोनवर ऐकून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचे. सहा वर्षांपूर्वी हातांना कंप सुटला. तेव्हापासून पाना मी धरते आणि बाबा स्टुलावर बसून माझ्या चुका काढतात. गिऱ्हाईक मात्र आत आलं की विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" मी समोर उभी असते, कोपरापर्यंत काळी. ओळख करून द्यायची वेळ आली की म्हणतात, ही सांडू मिस्त्रीची पोरगी. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

गंगापूरचे अभयराव आमचे जुने गिऱ्हाईक. ऊस, कापूस, शहरात दोन दुकानं, आणि गोठ्याशेजारच्या शेडमधी ताडपत्रीखाली वडिलांची एमजीए. १९५७ची, दोन सीटची, उघड्या टपाची, लाल. बाहेरून दाराला हँडल नाय, आत हात घालून दोरी ओढायची. तिच्यात उंदरांनी तीन पिढ्या काढल्या होत्या. पोराचं, शिवराजचं, लग्न ठरायच्या गोष्टी सुरू झाल्या तसे अभयराव गॅरेजात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, नवरदेव याच गाडीत बसणार." बघत होते बाबांकडं. काम केलं मी. चौदा महिने.

बॉनेट उघडलं तेव्हा मला हसूच फुटलं. आत कोण असावं? आमच्या जुन्या अँबेसेडरच्या इंजिनाची सख्खी बहीण. तोच ब्लॉक, तेच चौदाशे एकोणनव्वद सीसी, वर दोन कार्बोरेटर आणि जरा चढेल स्वभाव. बाबा स्टुलावरून उठले, कापता हात ब्लॉकवर ठेवला आणि म्हणाले, "ही तर आपलीच निघाली की." नंतर तिचे पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सगळं मी बसवलं. बाबांनी टॉर्चसुद्धा धरला नाय, धरता येत नव्हता.

जानेवारीत साखरपुडा झाला आणि तिथं माझं डोकं फिरलं. आमच्याकडं मानपानाची रीत आहे. लग्नाच्या कामात ज्याचा हात लागला त्याला सगळ्यांसमोर नाव पुकारून टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. आचाऱ्याला देतात, मंडपवाल्याला देतात, मिस्त्रीला देतात. अभयरावांनी माईकवर पुकारलं, "गाडी जिवंत करणारे सांडू मिस्त्री!" बाबा गेले, टॉवेल-टोपी घेतली. आणि मला? अभयरावांच्या मंडळी सुरेखाताईंनी हळदीकुंकू लावून खण दिला. माऊलीनं मनापासून दिला, तिचा काय दोष? पण चौदा महिने ज्या हातांनी इंजिन बांधलं त्या हातांत मोरपंखी खण घेऊन मी बसले आणि बाबा एक शब्द बोलले नाय. रिक्षात पण नाय, घरी पण नाय. टोपी डोक्यावर घातलीसुद्धा नाय, तशीच टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मला रडू आलं, रागाचं. तुम्ही म्हणाल पाच-पंचवीस रुपयांची पांढरी टोपी ती! असू दे. मला तीच पायजे होती.

त्याच साखरपुड्यात दुसरी गाडी दिसली. मुलीचे वडील राजेंद्रराव, आपल्या शहरातले, त्यांचे वडील जर्मनीत इंजिनीअरिंग शिकायला होते. एकोणसाठ साली परत येताना बोटीतून पोर्शे घेऊन आले. ३५६, चंदेरी, ती पण टप उघडणारी. स्टेअरिंग डावीकडं. इंजिन मागं आणि सामान पुढं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट, रेडिएटरच नाय. पाणी म्हणून घालायचं नाय. मागच्या झाकणाला जाळी, तिच्यातून आतला पंखा हवा ओढतो आणि त्या हवेवरच इंजिन थंड राहतं. खरं सांगू? मी त्या झाकणापाशी पंधरा मिनिटं उभी होते. इतकं नीटस काम मी कधी बघितलं नव्हतं. पण तसं बोलून कोण दाखवणार?

तिचा मिस्त्री सुयश. पुण्याला कोर्स केलेला, हातात निळे मोजे, नखं माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हणाला, "ताई, तुमची एमजी सुंदर आहे, पण जुन्या विचारांची. पुढं इंजिन, मागं चाकं, लोखंडी चासी. बैलगाडीचाच हिशोब."

"व्हय ना," मी म्हटलं, "आणि तुमची नव्या विचारांची, म्हणून इंजिन पाठीवर बांधून फिरती."

दोन्ही व्याही ऐकत होते. झालं, पेटले. अभयराव म्हणाले, आमची शंभर मैलानं पळायची. राजेंद्रराव म्हणाले, आमची पण पळायची, वर वळणावर डोलायची नाय. हे म्हणाले, आमचा आवाज ऐका. ते म्हणाले, आमचं फिनिशिंग बघा. दोघांनी आपापल्या बापाची गाडी म्हणून बोलायला सुरुवात केली आणि मग माघार घेणार कोण? शेवटी राजेंद्रराव बोलले, "लग्नाच्या दिवशी ठरवू. मारुती मंदिरापासून लॉनपर्यंत दोन्ही गाड्या मिरवणुकीत. नवरी माझ्या गाडीत, नवरदेव तुमच्या. जिचं इंजिन बंद पडेल किंवा जिचा ड्रायव्हर खाली उतरेल ती हरली. जिंकेल तिच्यातून जोडपं गंगापूरला जाईल."

अभयरावांनी टाळी दिली. माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, जिंकलीस तर लग्नात टॉवेल-टोपी तुझ्या नावानं पुकारतो. जबान दिली."

आता गंमत बघा. जगात या दोन गाड्यांची तुलना करणारे कशावरून करतात? किती पळती, वळती कशी. आमच्याकडं परीक्षा कसली, तर एप्रिलच्या उन्हात, डीजेच्या मागं, दीड किलोमीटर दोन तासांत. म्हंजे मुंगीनं मागून हॉर्न द्यावा अशी चाल! रेसच्या गाडीला याच्याइतकी मोठी शिक्षा नाय. इंजिन तापतं, वारं लागत नाय, क्लच जळतो, पेट्रोल नळीतच उकळतं.

पण बाबांनी अर्ध्या आयुष्यात मंत्र्यांच्या मिरवणुकीतल्या अँबेसेडरी सांभाळल्या होत्या. स्टुलावरून हुकूम सुटायला लागले. "थर्मोस्टॅट काढून टाक. रेडिएटरच्या नळ्या आतून घासून घे. पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळ." फडकं गुंडाळलं तर, "सैल गुंडाळ, गळा आवळू नको तिचा." मी रोज दुपारी दोनला, उन्हाच्या कहरात, मोंढ्यातल्या कांद्याच्या ट्रॅक्टरमागं एमजी चालवायची. हमाल हसायचे. एकानं विचारलं, "आपा, इत्ती महंगी गाडी लेके पैदल चलती क्या?" मी म्हटलं, "सराव करतेय, भाऊ." तापमानाचा काटा लाल खुणेच्या दोन रेघा खाली राहायला लागला तेव्हा बाबा नुसते "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून हं म्हंजे लई झालं.

लग्नाचा दिवस. गोरज मुहूर्त, म्हणून मिरवणूक चार वाजता. मी पंजाबी ड्रेस, पायात बूट, पर्समधी लिपस्टिकच्या जागी पक्कड. सकाळीच फुलवाल्यांशी माझं भांडण झालं होतं. ते एमजीच्या पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळा विणत होते. मी सगळ्या ओरबाडून काढल्या. म्हटलं, "बॉनेटच्या पुढं एक पान दिसलं तर बघा! तिला श्वास घ्यायचा आहे." म्हातारा फुलवाला पुटपुटला, "अजब बाई आहे." असू दे अजब.

मिरवणूक निघाली. पुढं डीजे, मग नाचणारी पोरं, गुलाबी फेटे बांधलेल्या करवल्या, मग मुलीवाल्यांचा मान म्हणून पोर्शे. सुयश स्टेअरिंगवर, शेजारी नवरी संस्कृती. तिच्या मागं मी, शेजारी शिवराज घामाघूम. सगळ्यात मागं रिक्षात बाबा, पाण्याचे दोन कॅन घेऊन. बीड बायपासच्या सर्व्हिस रोडवर डांबर मऊ झालं होतं.

पहिला अर्धा तास एमजी इतकी गुणी वागली की मला तिची पापी घ्यावीशी वाटली. काटा ठरल्या जागी. क्लच सोडायचा, चार पावलं जायचं, थांबायचं. रस्त्याकडेच्या बायका बोट दाखवत होत्या, "अगं बया, नवरदेवाची गाडी बाई चालवतेय!" छाती कशी भरून आली म्हणून सांगू! मी मुद्दाम एक हात दारावर ठेवून बसले.

आणि मग माझी नजर समोर गेली. म्हंजे समोरच होती इतका वेळ, पण आता दिसलं. फुलवाल्यांनी प्रत्येक लग्नाच्या गाडीला करतात तेच केलं होतं. मागच्या झाकणावर थर्माकोलचा मोठा बदाम, त्यावर गुलाब, झेंडू आणि 'संस्कृती व शिवराज'. बाकी गाड्यांना मागं डिकी असते, काय बिघडतं? पण पोर्शेला मागं डिकी नाय, नाक आहे. बदाम बरोब्बर त्या जाळीवर तारेनं आवळून बांधला होता. कडेच्या फटीतून झेंडूच्या पाकळ्या एकेक करून आत ओढल्या जात होत्या. मी माझ्या गाडीची फुलं सकाळी काढली आणि त्याच वेळी सुयश मुलीवाल्यांकडं नाश्ता करत असणार.

आता मी काय केलं ते सांगते, आणि लपवून काय करायचं? पहिली पाच मिनिटं मी काहीच केलं नाय. मनात म्हटलं, त्याचा मिस्त्री त्यानं बघावं. बैलगाडी म्हणाला होता ना? अजून एक किलोमीटर बाकी. ती आता थांबेल, मी बाजूनं पुढं जाईन, आणि आज माईकवर माझं नाव. टोपी डोळ्यांसमोर दिसत होती, पांढरी, कडक इस्त्रीची.

मग वास आला. तापलेल्या ऑइलचा, करपट. आवाज पण बदलला. डीजेच्या गोंगाटात तो मला कसा ऐकू आला देव जाणे, पण इंजिन दमलं की पायाला कळतं. मी हॉर्नवर हात ठेवला. दाबून ठेवला. पोरांना वाटलं मी नाचायला सांगतेय, ती अजून जोरात नाचली. सुयशनं मान वळवली नाय. शिवराजला म्हटलं, "तुम्ही उतरून सांगा." तो म्हणाला, "ताई, मुंडावळ्या बांधल्यात, नवरदेव रस्त्यात पळत गेला तर लोक काय म्हणतील?"

सहासष्ट वर्षं जपलेलं इंजिन. कुणीतरी परदेशात हातानं जुळवलेलं, मग बोटीनं आलेलं, मग दोन पिढ्यांनी पुसलेलं. आणि मी बसून ते मरताना बघू? एका टोपीसाठी? मग ती टोपी मिस्त्रीची कशी?

मी गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि उतरले.

मागून अभयराव ओरडले, "अगं उतरू नको! उतरू नको!" ऐकलं, पण पाय थांबले नाय. पर्समधून पक्कड काढली, पोर्शेमागं गेले आणि तारा कापायला लागले. कच्, कच्. शेवटची तार कापायला धीर नव्हता म्हणून बदाम दोन्ही हातांनी ओढला. तो मधोमध मोडला. इकडं संस्कृती, तिकडं शिवराज. डीजे बंद झाला. एक मावशी किंचाळली, "अगं, नावं फाडली हिनं! मुलाकडची बाई नावं फाडतेय!" करवल्यांचे हात तोंडावर गेले. राजेंद्रराव गर्दी कापत आले, चेहरा लालबुंद. "काय चाललंय हे?"

"साहेब, आधी इंजिन, मग मी," मी म्हटलं. "सुयश, ऑइलचा काटा बघ!"

सुयशनं खाली बघितलं. पोराचा चेहरा खडूसारखा झाला. त्यानं लगेच इंजिन बंद केलं, उडी मारून मागं आला, मी झाकण उघडलं. आत पंख्याशी झेंडूचा लगदा. हात भाजत होते, आम्ही दोघं तसंच पाकळ्या उपसत बसलो. त्याचे निळे मोजे पिवळे झाले. राजेंद्रराव बघत होते. मग त्यांनी मावशीला म्हटलं, "गप बसा जरा. माझ्या बापाची गाडी वाचवतेय ती."

अर्धा तास पोर्शे उभी राहिली. एमजी पण उभीच होती, इंजिन चालू. मी वळून बघितलं तर बाबा रिक्षातून उतरून तिच्याजवळ उभे. एक कापता हात बॉनेटवर, दुसऱ्यानं ओल्या फडक्यावर पाणी शिंपडत होते. निम्मं पाणी धोतरावर सांडत होतं. मला म्हणाले, "तू तिचं बघ. आपली बसली निवांत." पोर्शे पुन्हा सुरू झाली आणि साडेसहाला दोन्ही गाड्या लॉनच्या दारात एकामागं एक पोचल्या. जिंकलं कोणीच नाय. माझा पाय खाली लागला होता आणि पोर्शेचं इंजिन बंद झालं होतं. नवरा-नवरी शेवटी इनोव्हातून गंगापूरला गेली, एसी लावून. काय बोलायचं!

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आहेर सुरू झाले. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. बोटांना भाजल्याचे फोड, नखांत झेंडू. अभयराव माझ्याशी धड बोलले नव्हते. जबान जिंकण्यावर होती आणि मी जिंकले नव्हते, त्यामुळं त्यांना तरी काय म्हणायचं? माईकवर आवाज आला, "गाडीचे सांडू मिस्त्री, पुढं यावं!"

मनात म्हटलं, झालं, आता खण येईल.

बाबा उठले. काखेत कापडी पिशवी होती, ती सकाळपासून त्यांनी कुणाला धरू दिली नव्हती. सावकाश स्टेजवर गेले. अभयरावांनी टॉवेल-टोपी पुढं केली. बाबांनी हात मागं घेतले.

"दादा, मिस्त्री म्हणून पुकारलं तुम्ही. मिस्त्री मागं बसलाय."

अभयराव हसले. "अहो, तुमची पोरगीच ना ती? एकच घर."

"एकच घर हाय. पण चौदा महिने माझा हात त्या गाडीच्या कामाला लागला नाय." बाबांचा आवाज माईकमधी शिरला आणि सगळं लॉन ऐकायला लागलं. "जानेवारीत तुम्ही मला टोपी दिली. घेतली, चुकलं माझं. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतलेलं, एका दिवसात सोडवत नाय, दादा. पण घातली नाय मी ती." पिशवीत हात घातला आणि टॉवेलाची गुंडाळी बाहेर काढली. तीच, घडीसुद्धा मोडलेली नाय. "आज पोरीनं हाती आलेला मान सोडून दुसऱ्याचं इंजिन वाचवलं. मला जमलं असतं का, ठाऊक नाय. सांडू मिस्त्री संपला आता. मी संध्या मिस्त्रीचा बाप. तसं पुकारलं तर येतो."

मग सुयशनं पहिली टाळी वाजवली, पिवळ्या मोज्यांनी. राजेंद्रराव उठले, अभयरावांच्या हातातून माईक घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन्ही गाड्यांच्या मिस्त्री, संध्या मिस्त्री, पुढं याव्यात!"

मी कशी गेले ते मला आठवत नाय. अभयरावांनी मान खाली घालून नवी टोपी बाबांकडं दिली, "तुम्हीच घाला" म्हणून. बाबांनी ती बाजूला ठेवली आणि पिशवीतली जुनी उचलली. हात इतके कापत होते की टोपी दोनदा माझ्या कानावर आली, एकदा कपाळावर. मी धरायला गेले तर ओरडले, "थांब! नीट बसवू दे." सगळं लॉन थांबलं. अंबाड्यामुळं ती सरळ बसेचना. शेवटी वाकडीच बसली आणि बाबा म्हणाले, "हं."